डायल ‘नवी’ करण्याआधी

पत्र:
माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सांगलीत हळदीचे अडते होते. साठच्या दशकात एका मोठ्या सौद्यानंतर त्यांनी ओमेगा कॉन्स्टेलेशन घड्याळ घेतलं. पुढे ते माझ्या वडिलांच्या हातात आलं आणि वडील गेल्यावर कपाटात गेलं. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्यात होता. घड्याळ माडीवरच्या लोखंडी कपाटात होतं, त्यामुळे भिजलं नाही. पण घर पंधरा दिवस बंद आणि सगळीकडे ओल. आता हलवलं की दहा मिनिटं चालतं आणि थांबतं. डायलवर खाली तपकिरी ठिपके आलेत. डिसेंबरात भाच्याचा साखरपुडा आहे. दादाला ते त्याच्या हातात घालायचंय, आणि ते नव्यासारखं चमकलं पाहिजे असं त्याचं म्हणणं. इथले एक दुकानदार म्हणतात, डायल नवी करून, बॉडी बफ करून, म्हणजे घासून चकाकी आणून, आठ दिवसांत देतो. पुण्यात एका शोरूममध्ये विचारलं तर डायल, काटे, चावी बदलावी लागेल म्हणाले. खर्च बराच आणि महिनेही बरेच. मला वाटतं, आप्पांचं घड्याळ आप्पांचंच राहावं. पण मला त्यातलं काही कळत नाही आणि दादाशी बोलायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, सांगली

ताई,

सगळ्यात आधी ते घड्याळ हलवून बघणं थांबवा. तुमचं उरलेलं पत्र वाचताना माझा जीव त्याच एका वाक्यात अडकला होता. ‘हलवलं की दहा मिनिटं चालतं’ म्हणजे मशीन अजून जिवंत आहे हे खरं, पण ते कोरडं पडलंय. आतल्या चाकांची पोलादी टोकं माणकाच्या बारीक भोकांत फिरतात. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झोके घेत वेळ मोजणाऱ्या चाकाचं टोक तर मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं जाड. तिथे घड्याळजी सुईच्या अग्रावर मावेल एवढं तेल सोडतो, आणि ते तेल काही वर्षांत घट्ट होतं, सुकतं. त्यात धूळ मिसळली की तेच घासायच्या मसाल्यासारखं काम करतं. दर वेळी कौतुकाने हलवलं की ती टोकं थोडी झिजतात. आप्पांनी आणि वडिलांनी मिळून केली नसेल एवढी झीज कोरडं मशीन एका हौशी वर्षात करून घेईल.

दुसरं, ओल. डायलवरचे ठिपके डोळ्यांना टोचतात म्हणून घरात सगळी चर्चा त्यांचीच चाललीय, पण ठिपक्यांनी घड्याळ मरत नाही. गंजाने मरतं. आणि गंज धरतो तो दिसत नाही तिथे: चावीच्या दांड्याला, डायलखालच्या काटे फिरवायच्या पोलादी तुकड्यांना, स्क्रूंना. चावी अगदी हळू दोन-तीन वेळा फिरवून पाहा. बोटांना वाळू घासल्यासारखं जाणवलं तर डिसेंबर वगैरे विसरा, घड्याळ येत्या पंधरवड्यातच उघडलं गेलं पाहिजे. तोवर छोट्या हवाबंद डब्यात, औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. तांदळात नको. मोबाइल भिजला की तांदळात पुरायची जी पद्धत पडलीय, ती घड्याळाला लावली तर तांदळाचं पीठ आत जाऊन बसतं.

आता मूळ प्रश्न. माझे वडील साताऱ्यात घड्याळजी होते. मोती चौकातून राजवाड्याकडे जाताना एक बोळ लागतो, त्याच्या तोंडाशी काचेची पेटी आणि एक स्टूल, एवढंच दुकान. एचएमटी, फेवर लुबा, वेस्ट एन्ड हे रोजचं. ओमेगा, रोलेक्स वर्षातून एखाद-दुसरं. असं भारी घड्याळ आलं की ते गिऱ्हाइकाला एकच विचारायचे, ‘हे केल्यावर परत फिरता येईल का?’ गिऱ्हाईक गोंधळायचं. त्यांचा अर्थ सरळ होता. स्प्रिंग बदलली तर जुनी स्प्रिंग पुडीत बांधून देता येते, वाटलं तर पुन्हा बसवता येते. रंग खरवडला तर तो पुडीत बांधता येत नाही. घड्याळावरच्या प्रत्येक कामाला तुम्ही हाच प्रश्न विचारा. मग कोण दुकानदार बरोबर आणि कोण शोरूमवाला लबाड, हा वादच उरत नाही.

हे शहाणपण मला वडील असेपर्यंत सुचलं नाही, हे कबूल करतो. ते गेल्यावर त्यांचं स्वतःचं फेवर लुबा सी चीफ मी एका शहरात ‘नवं करायला’ दिलं. साय रंगाची डायल होती, कडेने थोडी पिवळी पडलेली, आणि चारच्या आकड्याजवळ त्यांच्याच हातून कधीतरी चिमटा घसरून पडलेला एक बारीक ओरखडा. दहा दिवसांनी परत आलं ते मोरपंखी निळं. नावाची अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेघा आकड्यांपासून केसभर सरकलेल्या. मी जुनी डायल मागितली, तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. ‘अहो, हीच ती!’ तो बिचारा खोटं बोलत नव्हता. पत्रा तोच होता.

म्हणून ‘डायल नवी करून देतो’ म्हणजे नेमकं काय करतात ते आधी समजून घ्या. डायलवरचे तासांच्या सोनेरी खुणांचे तुकडे आणि चिन्ह काढतात. जुना रंग आणि त्यावरचं लाखेसारखं अस्तर रसायनाने उतरवतात. पत्रा घासून गुळगुळीत करतात, नवा रंग मारतात, अक्षरं ठशाने छापतात. तुमच्या घड्याळाच्या बाबतीत यात एक जास्तीचं नुकसान आहे. फोटोत तुमची डायल सपाट नाही. मध्ये उंच, कडेला बारा पैलूंनी खाली उतरणारी, उपडी घातलेली परात असावी तशी. जुन्या कॉन्स्टेलेशनची ही ओळखच आहे, शौकीन लोक तिला ‘पाय पॅन’ म्हणतात. त्या पैलूंच्या धारांवर उजेड मोडतो म्हणून ती डायल दर कोनातून वेगळी दिसते. घासली की धारा बोथट होतात. मग रंग कितीही झकास मारा, परात जाऊन ताटली राहते.

पण थांबा. वादात उतरण्याआधी एक तपासा: आत्ताची डायल आप्पांचीच आहे ना? सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे डायल रंगवून घेणं म्हणजे दिवाळीला घर रंगवण्याइतकं साधं काम होतं. वडिलांनी कधी करून घेतलं असेल आणि घरात कुणाला आठवतही नसेल. सराफ वापरतात तसं दहा पटीचं भिंग आणा, सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसा. नावाची अक्षरं कोरल्यासारखी काटेकोर हवीत, कडा पसरलेल्या नकोत. मिनिटांच्या रेघा लावलेल्या खुणांच्या बरोबर मध्यावर पडायला हव्यात. सहाच्या खाली, अगदी कडेला, ‘स्विस मेड’ हे दोन शब्द खुणेच्या दोन बाजूंना विभागलेले दिसतात का पाहा. डायल रंगवणारे बरेचदा नेमकी हीच ओळ विसरतात किंवा भलतीकडे लिहितात. आणि सहाच्या वरचा तारा छापलेला नसतो, वेगळा बनवून बसवलेला असतो. तुमच्या फोटोवरून मला डायल मूळचीच वाटते. खरं तर ठिपक्यांमुळेच जास्त वाटते. ते वरच्या जुन्या अस्तरात ओल शिरून आलेत. पण भिंगाखाली पाहिल्याशिवाय दादांशी बोलायला बसू नका. डायल आधीच एकदा रंगवलेली निघाली तर तुमचा अर्धा मुद्दा तिथेच गळतो, आणि मग पुण्यातल्या शोरूमचं म्हणणं जास्त पटेल.

ठिपके पुसायचा मोह होईल. कापसाने नको, चष्म्याच्या फडक्याने नको, थुंकीने तर मुळीच नको. साठ वर्षांच्या अस्तराला ओला कापूस लागला की छापलेलं नाव कापसावर येतं. वडील डायलला फक्त रबरी फुंकणी लावायचे, आणि तीही हातभर अंतरावरून.

काट्यांचं तेच. तुमच्या काट्यांत रात्री चमकणारा रंग भरलेला नाही, बरं झालं. हे वाचणाऱ्या इतरांपैकी कुणाकडे हिरवट-तपकिरी चमकीचं, साठीच्या सुरुवातीचं किंवा त्याआधीचं घड्याळ असेल तर एवढं ध्यानात ठेवा: त्यात रेडियम असण्याची बरीच शक्यता आहे. अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं नव्हे. चमकणारी पावडर थकलेली असते. रेडियम अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. घरी झाकण उघडून ते खरवडायचं नाही, त्याची धूळ श्वासात जाणं वाईट. नंतरच्या घड्याळांत ट्रिटियम आलं, ते साडेबारा वर्षांच्या आत अर्धं होतं. अशा डायलवर खाली ‘स्विस’ शब्दाच्या बाजूला टी हे अक्षर दिसतं.

बफचं बोलतो. फोटोतली तुमच्या घड्याळाची डबी, म्हणजे बाहेरचं कवच, पोलादाची आहे आणि वर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेला आहे. सराफ कट्ट्यावर कुणीही पाच मिनिटांत बफ मारून देईल आणि दादा खूश होतील. पण बफ म्हणजे सोनं खाणं. प्रत्येक वेळी थोडा थर जातो. पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा आधी गोल होतात, मग एके ठिकाणी खालचं पोलाद पांढरं डोकावतं. त्यावर पुन्हा पाणी चढवता येतं, पण मूळचा पत्रा येत नाही. मागच्या झाकणावर एक गोल पदक आहे, त्यावर वेधशाळा आणि वर आठ तारे. ओरखड्यांनी भरलेलं असलं तरी त्या घुमटाच्या रेघा बोटाला लागतात. बफवाल्याच्या हातात हे झाकण देऊच नका. डबी रिकामी करून, आतलं सगळं काढून, साबणाच्या पाण्यात आणि अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या यंत्रात) धुतली की साठ वर्षांचा घाम-मळ निघतो. बऱ्याच घड्याळांची अर्धी ‘चमक’ त्या मळाखालीच असते, हे दादांनाही पाहू दे.

झाकणाच्या आतल्या बाजूला आणखी एक गंमत असेल. जुने घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की तिथे सुईने खरडून खूण करत: तारीख, आद्याक्षर, कधी नुसता आकडा. आप्पांचं घड्याळ तीन-चार वेळा उघडलं असेल तर तीन-चार हातांच्या खुणा सापडतील. बघताना भिंग तिरपं धरा. ते घासून साफ करू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. स्वच्छतेच्या भरात कुणीही ते पुसेल.

आता जे बदललंच पाहिजे त्याबद्दल. ‘सगळं ओरिजिनल ठेवा’ असं हट्टाने सांगणारा माणूस घड्याळ जपत नाही, त्याची ममी करतो. मेन स्प्रिंग खुशाल बदलू द्या. जुनी स्प्रिंग ताकद गमावून बसलेली असते. रबराचे सगळे सील नवे घ्या. तेल तर नवंच. बॅलन्सचा स्टाफ, म्हणजे त्याचा आस, वाकला-मोडला असेल तर तोही बदलावा लागेल. यातलं काहीच घड्याळाचा चेहरा नाही, आणि हे भाग मुळातच झिजायला जन्माला आलेत. तारीख दाखवणाऱ्या जुन्या कॉन्स्टेलेशनमध्ये बहुतेक ५६१ किंवा ५६४ नंबरचं मशीन असतं. हे ओमेगाच्या मोठ्या घराण्यातलं, म्हणजे ५५० पासूनच्या मशीनांचे आतले बरेच भाग एकमेकांना चालतात, त्यामुळे एखादं चाक गेलं तर त्या काळच्या ओमेगाच्याच साध्या सीमास्टर घड्याळातून मिळू शकतं. फक्त तांबूस मुलाम्याचा वरचा पूल, म्हणजे चाकांना वरून धरणारी पट्टी, ज्यावर नंबर आणि चोवीस ज्वेल्सचा (माणकांचा) मजकूर कोरलाय, तो मात्र आप्पांचाच राहिला पाहिजे. उघडल्यावर पाहा: सगळ्या पुलांचा तांबूसपणा एकसारखा हवा. एखादा तुकडा वेगळ्या छटेचा दिसला तर तो मागे कधीतरी दुसरीकडून आलाय.

काच आणि चावी मधल्या वर्गात येतात. काच प्लास्टिकची आहे, तिचे ओरखडे घासून निघतात. मूळ काच असेल तर तिच्या बरोबर मध्यावर ओमेगाचं इवलंसं चिन्ह असतं, तिरप्या उजेडात भिंगातून दिसतं. तडा गेला असेल तर बदला, जुनी परत घ्या. तुमची चावी दहा कोनांची दिसते, म्हणजे बहुधा मूळचीच. झिजून बोटातून सटकत असेल तर नवी बसवू द्या आणि ही पुडीत.

माणूस कसा निवडायचा? सांगलीत आणि मिरजेत चांगल्या हाताची माणसं आहेत, नावं मी देणार नाही. ती तुमची तुम्ही पारखा. दुकानात जाऊन ‘हे करता येईल का?’ विचारू नका. त्याला प्रत्येक जण ‘हो’च म्हणतो. विचारा, ‘शेवटचं ऑटोमॅटिक ओमेगा कधी उघडलंत?’ आणि मग गप्प बसून टेबल बघा. सुटे भाग काचेच्या झाकणाखाली ठेवलेत की उघड्या बशीत? उघडून पडलेल्या घड्याळांच्या स्क्रूंच्या खाचा शाबूत आहेत की कुरतडलेल्या? कुरतडलेली खाच म्हणजे पेचकस घसरतोय, आणि तो उद्या तुमच्या मशीनवरही घसरेल. टाइमग्राफर आहे का, हेही पाहा. छोटं यंत्र असतं, घड्याळाची टिकटिक ऐकून ते किती पुढे-मागे जातं आणि बॅलन्सचा झोका किती अंशांचा आहे ते दाखवतं. तुमचं मशीन तासाला १९,८०० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला साडेपाच. पूर्ण चावी दिल्यावर आडव्या घड्याळाचा झोका २७० अंशांच्या आसपास आला तर काम उत्तम. २२० च्याही खाली राहिला आणि तरी माणूस ‘झालं, घेऊन जा’ म्हणत असेल, तर काम झालेलं नाही. आजच्या प्रमाणित क्रोनोमीटरला, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत उतरलेल्या घड्याळाला, दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची मुभा असते. साठ वर्षांच्या घड्याळाकडून ती अपेक्षा धरू नका. दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे झाले तर आप्पांचंही तेवढं होतच असणार.

मशीन पूर्ण सुटं करून धुणार का, हे स्पष्ट विचारा. माझ्या लहानपणी मशीन न उघडता पेट्रोलमध्ये बुचकळून काढायची पद्धत सर्रास होती. घड्याळ महिना-दोन महिने मस्त चालायचं आणि पुन्हा दुकानात यायचं. वडील याला ‘घड्याळाची आंघोळ’ म्हणत. कुणाच्या तोंडावर बोलत नसत, पण ज्याचं त्याला कळायचं.

घड्याळ देताना पावती घेताच, तर त्या पावतीवरच लिहून घ्या. मी आपल्या भाषेत मसुदा देतो, तसाच उतरवलात तरी चालेल: ‘डायल, काटे, खुणा यांना फक्त फुंकणी, रंग, पुसणे, घासणे नाही. डबी व मागचे झाकण धुणे. पॉलिश, बफ नाही. झाकणाच्या आतील खुणा तशाच ठेवणे. बदललेला प्रत्येक भाग परत देणे. यादीत नसलेला भाग बदलण्याआधी फोन करणे.’ खाली मशीनचा नंबर आणि दुकानदाराची सही. मशीनचा नंबर झाकण उघडल्याशिवाय दिसणार नाही, म्हणून झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा, आणि मशीनचा, डायलचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो तिथेच काढा. चांगला घड्याळजी यावर रागावत नाही. रागावला तर घड्याळ उचला आणि पुढच्या दुकानात जा, यात अपमान कुणाचाच नाही.

पुण्याच्या शोरूमवर माझा राग नाही, हेही सांगतो. कंपनीच्या पद्धतीने काम करणाऱ्याला घड्याळाची हमी द्यायची असते, आणि ठिपक्यांच्या डायलवर, झिजलेल्या चावीवर हमी देता येत नाही. त्यांना दोन प्रश्न लेखी विचारा: डायल आणि काटे बदलायला आम्ही नकार देऊ शकतो का? आणि बदललेच तर जुने परत मिळतील का? दोन्हींना ‘नाही’ आलं तर चहा घेऊन परत या. दुसऱ्याला ‘हो’ आलं तर तो रस्ता वाईट नाही. कंपनीची नवी डायल बसवली आणि आप्पांची डायल पुडीत बांधून घरी आली, तर परतीची वाट उघडी आहे. उद्या भाच्याच्या मुलाला वाटलं तर तो जुनी पुन्हा बसवेल. हीच डायल खरवडून रंगवली तर तसं नाही. आठ दिवसांत स्वस्तात होणारं काम आणि महिनोन्‌महिने लागणारं महागडं काम यांत मला शेवटी महागडंच कमी धोक्याचं वाटतं. तुमच्या पत्रात तुम्हाला दोन्ही सारखीच भीतीदायक वाटलीत, म्हणून मुद्दाम सांगितलं. पण माझ्या मते तुमच्या घड्याळाला या दोन्हींची गरज नाही. चांगल्या हाताकडून मशीनचं पूर्ण काम आणि चेहऱ्याला हात न लावणं, एवढंच पुरे.

राहता राहिले दादा. त्यांच्याशी भावनेवर बोलू नका, आप्पा जेवढे तुमचे तेवढेच त्यांचे. घरच्या धंद्याच्या भाषेत बोला. हळद शिजवून वाळवून झाली की पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवतात, वरची साल जाते, हळकुंड चकाकतं आणि वजनही थोडं घटतं. हळदीला ते शोभतं, पुढच्या साली नवीन पीक येतं. आणि तरीही सौद्याच्या वेळी आप्पांनी हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय कधी भाव बोलला असेल का? घड्याळाचे जाणकार तेच करतात. रंगवलेल्या डायलच्या भारतीय घड्याळांना परदेशातल्या शौकिनांनी ‘मुंबई स्पेशल’ असं नाव ठेवलंय, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नाही. ठिपके असलेली पण मूळ डायल अशा नव्या रंगाच्या डायलपेक्षा जास्त मोलाची धरतात. विकायचं नाही म्हणून मोल कशाला बघायचं, असं दादा म्हणतील. म्हणू देत. पण नुकसान होतंय हे अडत्याच्या नातवाला एकदा कळलं की तो आपोआप थांबतो.

डिसेंबरपर्यंत होईल का? सुटा भाग शोधावा लागला नाही तर होईल. शोधावा लागला तर नाही होणार. कारागिराला तारीख देऊन घाई करू नका. घाईत पेचकस घसरतो. नाहीच झालं तर भाच्याने साखरपुड्याला बंद घड्याळ घातलं तरी हरकत नाही, फोटोत काटे चालत नसतात. मात्र हातावर पाणी घेण्याआधी, अत्तर लावण्याआधी ते उतरवायला सांगा. नवे सील बसवले तरी या वयाच्या घड्याळाला पाण्यापासून लांबच ठेवायचं.

आणि दादांना चमकणारं काहीतरी हवंच आहे, तर पट्टा त्यांना निवडू द्या. आत्ताचा पट्टा फोटोत कडेला फाटलेला दिसतोय आणि तो आप्पांच्या काळचा नाही. हरभट रोडवर जाऊन चांगल्या चामड्याचा घ्या, रंग त्यांच्या पसंतीचा. रुंदी बहुधा १८ मिलिमीटर लागेल, तरी कानांमधलं अंतर मोजून जा. जुना पट्टा टाकण्याआधी त्याचं बक्कल उलटं करून पाहा. ओमेगाचं चिन्ह असेल तर तेच नव्या पट्ट्याला लावून घ्या.